कंपनी

सातवी ब मधल्या एका मुलीनं विचारलं,
मॅडम, कंपनी म्हणजे नेमकं काय?
मी फळ्यावर लिहून मोकळी झाले:
एक, व्यापारी संस्था. दोन, सोबत.
तीन, सैन्याची तुकडी; हे परीक्षेत येत नाही.
तास संपला.
डस्टर झटकताना मात्र हिंगण्याचा भोंगा ऐकू आला,
बंद पडून त्याला बावीस वर्षं झाली आहेत.

आमच्या घरी कंपनी एकच होती.
तिचं नाव कुणी घेत नसे, सासऱ्याचं घेत नाहीत तसं.
बाबा कुठं गेले? कंपनीत.
दिवाळीले कपडे? कंपनी देईन तवा.
साबण कंपनीचा, टॉवेल कंपनीचा,
डाव्या करंगळीचं एक पेर कंपनीतच राहिलं,
त्याचे बाराशे आले, त्यात कूलर घेतला.
मे महिन्यात अर्धी गल्ली दुपारी आमच्याकडे झोपायला यायची.
आई बटण दाबण्याआधी किंचित थांबायची.
का, ते मी कधी विचारलं नाही.

मग कॉलेजात धरमपेठेतली मधुलिका म्हणाली,
बर्डीवर चल ना, मला कंपनी दे.
मी बघतच राहिले.
कंपनी देतात?
आमच्याकडे तर ती घेत असे.
तिच्या मागं दुकानादुकानांतून फिरले,
तिनं सँडल घेतले, मी काहीच नाही,
तरी परतताना ती थँक्स म्हणाली.
म्हणजे मी काहीतरी दिलं होतं.

मोर भवनापाशी रस्त्यावर तीस रुपयांत शब्दकोश मिळाला,
कव्हर नसलेला, 'ए'ची पहिली सात पानं गायब.
त्यात होतं: मूळ लॅटिन. 'सह' आणि 'भाकर'.
एका भाकरीवर बसणारे, ते कंपनी.

बाबा सांगायचे, शेडमागच्या कडुलिंबाखाली पाच डबे उघडत.
इस्माईलकडचा खिमा, ठवकरच्या बायकोची पाटवडी,
गजभियेंचं लोणचं, ज्याला कुणी नाही म्हणत नसे.
ठवकरच्या बायकोचा हात किती तिखट, हे बाबांना पाठ होतं.
आईच्या हातचं ते रात्री बाराला जेवत,
झाकलेलं, गार, आम्ही झोपलेलो.
आणि ती? आठलाच आटोपून घ्यायची,
ओट्याशी उभी, ताट न घेता,
पोळीचा तुकडा कढईत बुडवून.
लॅटिनच्या हिशेबानं
अठरा वर्षं त्यांचं लग्न झालंच नव्हतं.

गेटला कुलूप लागलं त्या वर्षी
दुपारचं घरात कुठं बसावं हे न कळून
बाबा कूलरपुढं उभेच राहात.
चौथ्या की पाचव्या दिवशी आई ओट्याशी तुकडा मोडत होती.
ते मागं येऊन म्हणाले,
"थांब जराशी. मी कंपनी देतो तुले."
शब्द त्यांनी कुठून उचलला कोण जाणे,
माझ्याच तोंडून ऐकला असेल.
आई हसली नाही. म्हणाली,
"आता कायची कंपनी? ते तं बंद पडली न."
पाट मात्र दोन मांडले.
पहिले काही दिवस दोघंही मान खाली घालून जेवले,
एकमेकांकडे पाहुणे आल्यासारखे,
ती वाढायला उठायची, ते म्हणायचे, बस न.

आज वह्या तपासल्या.
त्या मुलीचं वाक्य: माय फादर वर्क्स इन कंपनी.
मधला 'ए' राहून गेलाय.
लाल पेन तिथवर नेलं आणि किंचित थांबले.
तो घातला तर बाप कारखान्यात जातो.
नाही घातला
तर चार जणांत बसून काम करतो.
मी नाही घातला.
एक मार्क तरीही कापला,
फादरचं स्पेलिंग चुकलं होतं.